नववी इंग्रजी: डायरेक्टचं इनडायरेक्ट करताना प्रश्न आणि आज्ञा चुकतात

दापोलीची_आई:
लेक नववीत आहे, सेमीला. रिपोर्टेड स्पीचमध्ये, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगताना, साधी विधानं जमतात, पण प्रश्न किंवा आज्ञा आली की गाडं अडतं. आजच्या गृहपाठातली ही दोन बघा:
१) द फिशरमन सेड टू हिज सन, "डोन्ट टेक द बोट आउट टुडे."
२) ही सेड टू मी, "व्हेअर डिड यू बाय धिस नेट यस्टर्डे?"
दुसऱ्याचं तिने लिहिलंय: "ही सेड टू मी दॅट व्हेअर डिड आय बाय धिस नेट यस्टर्डे?" चुकलंय हे कळतं, पण नेमकं कुठे ते मला समजावता येत नाही. शिवाय "द मून कॉजेस टाइड्स" याचं तिने 'कॉज्ड' केलं, तर बाईंनी त्यावरही काट मारली. का?

खाडीकाठ:
'यू'चं 'आय' केलंय, तेवढं बरोबर आहे. बाकी बरंच बदलायचं राहिलं. मूळ गोची मराठीत आहे. आपण "बाबा म्हणाले की मी उद्या येतो" असं म्हणतो. 'की' लावला की आतलं वाक्य जसंच्या तसं ठेवलं तरी चालतं. मुलं इंग्रजीतही तेच करतात, म्हणून जिथे तिथे 'दॅट' घुसतो.

दुसरं वाक्य असं सोडवायला लावा. प्रश्न आहे, म्हणून 'सेड टू'चं 'आस्क्ड'. 'व्हेअर' हाच जोडशब्द, त्यामुळे 'दॅट' नको. मग कर्ता आधी, क्रियापद नंतर: 'व्हेअर आय'. 'डिड' काढला की त्याने पोटात घेतलेला भूतकाळ 'बाय'ला परत द्यावा लागतो, आणि बोलणं आधीच भूतकाळातलं असल्याने तो आणखी एक पायरी मागे जातो: 'हॅड बॉट'. 'धिस'चं 'दॅट', 'यस्टर्डे'चं 'द प्रीव्हियस डे'. शेवटी पूर्णविराम, प्रश्नचिन्ह नाही.
ही आस्क्ड मी व्हेअर आय हॅड बॉट दॅट नेट द प्रीव्हियस डे.

उत्तर हो-नाही असेल अशा प्रश्नाला जोडशब्द 'इफ' किंवा 'व्हेदर'. "इज द जेटी क्लोज्ड?" याचं होईल: ही आस्क्ड इफ द जेटी वॉज क्लोज्ड.

माडांची_सावली:
पहिल्यात आज्ञा आहे, तिथे काळाच्या भानगडीत पडूच नये, 'टू' लावून मोकळं व्हायचं. नकार असेल तर 'नॉट टू': द फिशरमन टोल्ड हिज सन नॉट टू टेक द बोट आउट दॅट डे. 'फॉरबेड' (मनाई केली) वापरायचं असेल तर 'नॉट' गाळा, नाहीतर दोनदा नकार होतो. ही चूक हुशार मुलंच जास्त करतात, कारण जड क्रियापद वापरायचा मोह त्यांनाच होतो.

भरती-ओहोटी चंद्रामुळे होते, हे आजही तितकंच खरं आहे. कायम सत्य असेल तर वर्तमानकाळ ठेवतात: द टीचर सेड दॅट द मून कॉजेस टाइड्स. खरं तर बोलताना 'कॉज्ड'ही चुकीचं नाही, पण पेपरात वाद नको. आणि रिपोर्टिंग क्रियापदच (अवतरणाबाहेरचं, 'सेड'च्या जागचं) 'सेज' असेल तर काळ बदलायचाच नाही. गाइडमधलं कोष्टक घोकून हे कळत नाही, वाक्याबाहेरचं क्रियापद आधी वाचायची सवय लागते.

दापोलीची_आई:
खूप आभार, आता समजावता येईल. जाता जाता एक: जॉन मेसफील्डच्या 'सी फीवर' कवितेची ऱ्हाइम स्कीम (यमकांची रचना) तिने एबीसीडी लिहिली आहे. बरोबर आहे का?

मालवणी_मास्तर:
चेडवाक सांगा, स्पेलिंग बघा नको, ओळ मोठ्यान् वाच. 'स्काय' आणि 'बाय' लिहायला वेगळे, कानाला एकच. 'शेकिंग' आणि 'ब्रेकिंग' ही दुसरी जोडी. म्हणून एएबीबी, तिन्ही कडव्यांना तशीच. वाऱ्याला धार लावलेल्या सुरीची उपमा तिसऱ्या कडव्यात आहे. तिथे 'लाइक' आहे, म्हणून सिमिली. मेटाफर (रूपक) लिहिलं तर मार्क जाणार.