प्रतिसाद: धडधड दाबू नका, वापरा

स्टेजवर गाताना छाती धडधडते त्यांना 'स्टेजवर जाण्याआधी मन शांत करा' असं सुचवलं जातं. ऐन वेळी ते बहुधा जमत नाही, कारण अ‍ॅड्रेनालिन (धडधड वाढवणारं संप्रेरक) हुकूम देऊन उतरत नाही. त्यापेक्षा 'मला हुरूप आलाय' असं मोठ्याने म्हणा. संशोधक अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या 2014च्या प्रयोगांत असं म्हणणाऱ्यांचं गाणं आणि भाषण जास्त चांगलं झालं.

खरा घोळ लयीत होतो. छाती धडधडत असली की गाण्याचा वेग वाढतो, सगळं पळतं. म्हणून पहिल्या दोन ओळी मुद्दाम संथ घ्या, त्या तोंडपाठच हव्यात. सराव जिने चढून, धाप लागलेली असतानाच करा. श्वास चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. भराभर खोल श्वास नकोत, चक्कर येते. उरलेला कंप आवाजात राहिला तर राहू दे. भावनेच्या जागी तो शोभतोही.