घोळ घटीत नाही, उदयात आहे
दोन पंचांगांत सूर्योदय वेगळा दिसतो, मग इष्टघटी (सूर्योदयापासून जन्मवेळेपर्यंतचा काळ, घटी-पळांत) कोणती धरायची, असं विचारलं जातं. घटी २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं, यात वाद नाही. प्रश्न उदय कशाला म्हणायचं हा आहे. वेधशाळा सूर्यबिंबाची वरची कड क्षितिजावर दिसली की उदय मानते. त्यात वातावरणातलं वक्रीभवन, म्हणजे प्रकाशाचं वाकणं (सुमारे ३४ कला; ६० कला म्हणजे एक अंश) धरलेलं असतं. कित्येक पंचांगकर्ते मात्र वक्रीभवन सोडून बिंबाचा मध्य घेतात. वक्रीभवन आणि बिंबाची त्रिज्या मिळून हा फरक ५० कलांचा, म्हणजे विषुववृत्ताजवळसुद्धा तीन-साडेतीन मिनिटं, आठेक पळं! कुंडलीतलं लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) हल्ली सांपातिक काळावरून (ताऱ्यांच्या गतीवरून मोजलेल्या वेळेवरून) काढतात, सूर्योदयावरून नाही, त्यामुळे ते बिघडत नाही. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून पहाटेच्या जन्माला वार मात्र बदलू शकतो. तेव्हा आधी पंचांगाची उदयाची व्याख्या बघा.