माशाच्या पिलाला पोहणे आणि मुलांना संकलन : एक असहमती

संथकात्री :
मुले दिवसभर मोबाइलवर व्हिडिओ करतच असतात, तेव्हा माध्यमिक शाळेत त्यांना संकलन (व्हिडिओ एडिटिंग) शिकवणे म्हणजे माशाच्या पिलाला पोहायला शिकवणे होय, त्यांच्या हाती ॲप द्यावे आणि शिक्षकाने बाजूला व्हावे, असे मत ‘चौथाबाक’ यांनी काल मांडले. ते वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. गेली सहा वर्षे मी १४-१५ वर्षांच्या मुलांना हा विषय शिकवते, आणि ॲप सराईतपणे चालवणारी मुलेच कट (एक चित्र तोडून पुढचे जोडणे) कुठे व का घ्यायचा या प्रश्नापाशी अडतात, असा माझा अनुभव आहे.

एका मुलीने आपल्या आजीचे सुईत दोरा ओवतानाचे चित्रण आणले होते. अकरा सेकंदांचा एकच शॉट होता. आजीचा दोरा दोनदा हुकतो, ती दोऱ्याचे टोक ओठांनी ओले करते आणि तिसऱ्या वेळी तो सुईतून पार होतो. मुलीने तो शॉट ॲपमधल्या तयार टेम्पलेटमध्ये, म्हणजे कटांच्या जागा आधीच ठरलेल्या साच्यात, टाकला. गाण्याच्या ठेक्यावर दर दीड सेकंदाला कट असल्यामुळे पहिल्या फसलेल्या प्रयत्नापाशीच चित्र बदलले. दोरा सुईत गेलाच नाही, आणि तिच्या ते लक्षातही आले नव्हते, कारण कुठे थांबायचे हे तिने ठरवलेच नव्हते. कोऱ्या टाइमलाइनवर (जिथे शॉट आपणच क्रमाने मांडतो त्या पट्टीवर) तोच शॉट अखंड ठेवून पाहिल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. शिक्षक बाजूला झाला असता तर हे तिला कोणी दाखवले असते?

चौथाबाक :
माझ्या म्हणण्याचा अर्धाच भाग आपण उचललात. चाळीस मुलांमागे दहा संगणक आणि चाळीस मिनिटांचा तास, हे गणित आधी मांडा. चौघांपैकी एकाच्या हाती माऊस असतो आणि उरलेले तिघे पाठमोरे प्रेक्षक होतात. सॉफ्टवेअरमधली कोणती खिडकी कशासाठी आहे हे सांगण्यातच तीन आठवडे जातात. मी स्वतः अशा वर्गात बसलो आहे. शॉटच्या व्याख्या आम्ही फळ्यावरून उतरवून घेतल्या, परीक्षेत बटणांची नावे लिहिली, आणि वर्ष संपले तेव्हा माझ्या नावावर एक मिनिटाचाही व्हिडिओ नव्हता. मोबाइलवर मूल पहिल्याच दिवशी काहीतरी पूर्ण करते, आणि या वयात पूर्ण केल्याचा आनंद मिळाला नाही तर पुढचे सगळे शिकवणे व्यर्थ आहे. टेम्पलेट नको असेल तर त्याच ॲपमध्ये कोरी टाइमलाइनही असते.

जुना_संकलक :
कात्री कोणती वापरायची यावर आपण दोघे भांडत आहात, पण कापड कुठे ठेवले आहे हे कोणीच विचारत नाही. संगणकावरच्या बहुतेक संकलन सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्टच्या फाइलमध्ये चित्रण नसते, तर ते कुठे ठेवले आहे याचे पत्ते असतात. मूल तेवढीच फाइल पेनड्राइव्हवर घेऊन घरी जाते, उघडते, आणि पडद्यावर ‘मीडिया ऑफलाइन’ अशी लाल पाटी येते. दुसऱ्या दिवशी काम द्यायचे असते. मी कार्यशाळा घेतो, आणि दर खेपेला या पाटीपुढे कोणीतरी रडते. त्यात मोबाइलच्या चित्रणाचा फ्रेम रेट (दर सेकंदाला किती चित्रे) बऱ्याचदा स्थिर नसतो, त्यामुळे काही सॉफ्टवेअरमध्ये लांब मुलाखतीच्या शेवटी ओठ आणि आवाज यांची फारकत होते. ते चित्रण आधी स्थिर फ्रेम रेटमध्ये रूपांतरित करावे लागते, हे मुलांना कोणीच सांगत नाही. माझे स्पष्ट मत आहे की पहिला आठवडा फक्त फोल्डर, नावे आणि प्रती यांना द्यावा आणि तोवर एकही कट घेऊ देऊ नये.

कोरीपाटी :
याच पद्धतीने मला पंधराव्या वर्षी या विषयातून कायमचे बाहेर काढले. आमच्या शिक्षकांनी दोन आठवडे फाइलींना नावे द्यायला लावली, आणि माझी पहिली फिल्म नाव चुकले म्हणून न पाहताच परत केली. तिच्यात काय होते हे त्यांना आजही ठाऊक नाही. ही कारकुनी आहे. तिच्यासाठी एकाही मुलाची ओढ मारू नये.

जुना_संकलक :
‘कारकुनी’ हा शब्द मागे घ्या. फिल्मच्या पट्ट्या हातांनी कापल्या जात तेव्हा प्रत्येक तुकड्याच्या कडेवरचे क्रमांक वहीत नोंदणारा सहायक संकलक कारकून नव्हता. तो नसता तर कॅमेऱ्यातली मूळ पट्टी, म्हणजे निगेटिव्ह, अचूक जागी कापताच आली नसती. आणि अनुभवाचेच बोलायचे तर माझाही ऐका. नोकरीच्या पहिल्या वर्षी, प्रत घेतली आहे असे गृहीत धरून मी एक मेमरी कार्ड पुसले. त्यावर एका वृद्ध कारागिराची दोन तासांची मुलाखत होती. पुन्हा वेळ मागायला गेलो तेव्हा ते हयात नव्हते. त्यांच्या मुलाला मी काय सांगितले असेल याची कल्पना करा. दोन ठिकाणी प्रती झाल्याशिवाय कार्ड पुसायचे नाही, हे मी त्या दिवसापासून शिकवतो आणि शिकवत राहणार.

कोरीपाटी :
शब्द मागे घेते, मत मागे घेत नाही. धडा आवश्यक आहे, पण आधी ओढ लागू द्या. मुलांनी दहा क्लिपांचे काही जोडले की शिक्षकाने मुद्दाम फोल्डरची जागा बदलावी. लाल पाटी मुलांनी स्वतः पाहावी, चित्रण शोधून पुन्हा जोडावे. अर्ध्या तासात जे कळेल ते दोन आठवड्यांच्या नावे देण्याने कळत नाही.

चौथाबाक :
फाइलींची चर्चा मूळ प्रश्नाहून मोठी झाली, तरी तिच्यामुळे मला एक गोष्ट मान्य करावी लागते. ‘शिक्षकाने बाजूला व्हावे’ हे माझे वाक्य चुकीचे होते. १९२०च्या सुमारास रशियात चित्रपट दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या ताटलीशेजारी, तर कधी शवपेटीशेजारी जोडला. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, तर कधी शोक. हा प्रयोग तीन मोबाइल क्लिपांत एका तासात होतो, पण तो करून पाहा असे सांगणारे कोणीतरी लागते, हे खरे आहे. संगणकाचा आग्रह मात्र मला अजूनही पटत नाही. मोबाइलवर चित्राचा आकार १०८०पी निवडला तर त्याहून मोठ्या ४केच्या चौथाई पिक्सेल (चित्राचे ठिपके) हाताळावे लागतात आणि साध्या फोनवरही काम अडत नाही.

संथकात्री :
मोबाइलला माझा विरोध नव्हता, टेम्पलेटला आहे, हे मी पहिल्याच प्रतिसादात अधिक स्पष्ट लिहायला हवे होते. सोमवारपासून नवा वर्ग सुरू होतो आहे. पहिला तास मी मोबाइलवर, कोऱ्या टाइमलाइनवर घेईन. गाणे लावू देणार नाही, चित्रणातला मूळ आवाजच ठेवायला सांगेन. चेहऱ्याचा प्रयोग त्याच तासात बसवेन. ‘कोरीपाटी’ यांनी सुचवलेला फोल्डर हलवण्याचा सराव दुसऱ्या आठवड्यात घेईन, कारण तोपर्यंत मुलांकडे हरवण्यासारखे काहीतरी असेल.

जुना_संकलक :
दुसरा आठवडा फार उशिरा आहे. मुलांचे फोन पहिल्याच दिवशी भरतात, आणि जागा करण्यासाठी ती काय पुसतील हे तुम्हाला ठाऊक नाही. निदान प्रत घेण्याची पाच मिनिटे सोमवारीच काढा.