सल्ला हवा: सांगलीत निळ्या पट्ट्याचा पाइपफिश पाळता येईल का?

कृष्णाकाठ: खाऱ्या पाण्याची १२० लिटरची मुरलेली टाकी आहे. लाइव्ह रॉक (जिवाणू-जीवांनी भरलेले समुद्री दगड) भरपूर, दोन क्लाउनफिश, पाणी घरच्या आरओचं. डोरिरॅम्फस एक्सिससची, म्हणजे याच निळ्या पट्ट्याच्या पाइपफिशची जोडी ठेवायचा विचार आहे. मालवणच्या खडकांतल्या डबक्यातून पाइपफिश आणला तर चालेल का?

प्रवाळवेडा: मालवणचं आधी डोक्यातून काढा. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे आणि समुद्रघोडा-पाइपफिशचं अख्खं कुळ २००१ मध्ये वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत घातलं गेलं. विक्रेत्याकडूनही पैदास केलेलीच जोडी घ्या. आयातीचे कागद दाखवत नसेल तर सोडून द्या.

हा मासा जेमतेम ७ सेंमीचा. तांबड्या समुद्रापासून पार मेक्सिकोच्या किनाऱ्यापर्यंत सापडतो. कपारीत नाहीतर सी-अर्चिनच्या काट्यांच्या आडोशाला जोडीनं राहतो, दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवीही टिपतो. म्हणून दगडांचा नुसता ढीग नको, तळाशी आडव्या, अंधाऱ्या फटी हव्यात. जोडी एकच ठेवा, दोन नर एकमेकांना टिकू देत नाहीत. पोटाखाली अंडी चिकटलेली दिसली तर तो नर.

मिरजेचा मासेवाला: पाइपफिश बहुतेक वेळा उपाशी मरतो. त्याला जठरच नसतं, खाल्लेलं झटकन पुढं सरकतं. दिवसातून तीनदा थोडं थोडं द्यावंच लागतं. शिवाय तो आधी सावज नीट न्याहाळतो, मग नळीसारख्या तोंडानं ओढून घेतो. तेवढ्यात क्लाउनफिश सगळं फस्त करतात. त्यांना दुसरीकडं हलवा.

आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, खाणं म्हणून घरीच काढा. लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम मीठ आणि १ ग्रॅम अंडी, तापमान २८ अंशांच्या आसपास, वर उजेड, खालून जोरात हवा. साधारण २४ तासांत पिल्लं निघतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा: टरफलं वर येतात, पिल्लं खाली बसतात. तळातून बारीक नळीनं ओढून गाळा, गोड्या पाण्यात धुवा आणि लगेच घाला. उशीर केला तर पिल्लांमधलं पोषण संपलेलं असतं. डोक्यामागं पोट खपाटीला गेलेलं दिसलं की खाणं कमी पडतंय.

टीडीएस_शून्य: घरच्या आरओत टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. तो पूर्ण बंद करा, मिनरल कार्ट्रिजच्या आधीच पाणी काढा, पुढं उरलेसुरले क्षार शोषणारं डीआय रेझिन लावा. मीटरवर ० आलं की लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबानं समुद्री मीठ, घनता १.०२५.

खरी परीक्षा एप्रिल-मेची. सांगलीत पारा चाळिशीला टेकतो आणि टाकी हवी २४ ते २६ अंशांवर. त्यावर गेली की व्हिब्रिओसारखे जिवाणू फोफावतात. पंख्यानं दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी उडून खारटपणा वाढतो. ती तूट मीठ न घातलेल्या शून्य टीडीएसच्या पाण्यानं भरा, मिठाच्या नव्हे. पंपाच्या तोंडाला स्पंज हवाच, हा मासा आत ओढला जातो. लाइट गेल्यावर बॅटरीचा एअर पंप.

कृष्णाकाठ: क्लाउनफिश हलवतो. आधी चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) घेऊ की मासा?

मिरजेचा मासेवाला: चिलरच. आणि दुकानात तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. फ्रोझन खाद्य टिपत नसलेला पाइपफिश उचलू नका.