मदत हवी आहे : फांद्या झुकणारे झाड चार वर्षांत एकदाही फुललेले नाही (सोलापूर)

जुळेसोलापूरकर

नमस्कार. आमच्या फाटकाशी लावलेल्या, फांद्या खाली झुकणाऱ्या झाडाला चार वर्षे झाली तरी एकही फूल आलेले नाही. रोप घेताना ‘दुसऱ्याच वर्षी फुलांनी लगडेल’ असे आम्हाला सांगण्यात आले होते. आमच्या गल्लीच्या टोकाला अगदी असेच झाड आहे आणि गेल्या आठवड्यापासून ते वरपासून खालपर्यंत लाल झाले आहे. रोज सकाळी दूध आणायला जाताना ते पाहावे लागते, म्हणून शेवटी हा धागा काढला. शेणखत घालून झाले, डीएपी घालून झाले, कुणी सांगितले म्हणून केळीच्या सालींचे पाणीही घालून झाले. झाडाला उंची आहे, कीड दिसत नाही. कृपया ‘धीर धरा’ हे सोडून दुसरे काही तरी सांगावे.

परसबागेतली_मी

आपण झाडाचे नावच लिहिलेले नाही. फांद्या झुकतात आणि फुले लाल असतात एवढ्यावरून तो बॉटलब्रश असावा असा माझा अंदाज आहे, पण अंदाजावर उपाय सांगणे मला बरे वाटत नाही. पान चुरगळल्यावर निलगिरीसारखा मंद वास येतो का? झाड जमिनीत आहे की कुंडीत? ऊन किती तास मिळते? पाणी कोणते आणि किती दिवसांनी देता?

जुळेसोलापूरकर

बॉटलब्रशच आहे, दुसरे कोणते असणार? झाड जमिनीत आहे. ऊन सोलापूरचे आहे, ते कमी कसे पडेल? पाणी पुरेसे मिळते.

डाळिंबवाला_सांगोला

साहेब, आपण झाडाचे लाड फार केले आहेत. आम्ही डाळिंबाचा हस्त बहर धरतो तेव्हा आधी पाणी तोडून बागेला ताण देतो, पानगळ करून घेतो, मग छाटणी करून खताचा डोस आणि पाणी देतो. त्यानंतर कळी निघते. सतत पाणी मिळणारे झाड नुसता पाला वाढवत बसते, हे मी वीस वर्षे पाहत आलो आहे. आपणही आजपासून महिनाभर पाणी बंद करावे. पाने गळू लागली तरी घाबरू नये.

काळी_माती

डाळिंबवाले दादा, तुमच्या बागेतला अनुभव मला पूर्ण मान्य आहे, पण तो या झाडाला लावता येणार नाही. डाळिंब ताण सोसते आणि पानगळीनंतर नव्या फुटीवर कळी काढते. झुकत्या फांद्यांचा बॉटलब्रश हा पूर्व ऑस्ट्रेलियात ओढ्यानाल्यांच्या काठी वाढणारा सदाहरित वृक्ष आहे आणि त्याची फुले फांदीच्या शेंड्याकडे येतात. मार्च-एप्रिलच्या सोलापुरी उन्हात त्याचे पाणी महिनाभर तोडले, तर पाने गळण्याआधी शेंडे वाळतील, आणि फूल लागण्याची जागाच जळून जाईल.

धागाकर्त्यांना माझा एकच प्रश्न आहे. झाडाची नवी, शेंड्याकडची पाने कोणत्या रंगाची आहेत?

डाळिंबवाला_सांगोला

झाड कोणतेही असो, आरामात राहिले की फुलत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

बहावाप्रेमी

मूळ चूक झाड निवडण्यातच झालेली आहे. ज्याला सोलापुरात झुकती, लोंबती फुले हवी आहेत त्याने बहावा लावावा. एप्रिल-मे महिन्यात, पारा चाळिशीपार गेलेला असताना, हातभर लांबीचे पिवळे झुबके लोंबतात आणि एकदा रुजलेले झाड आपले आपण वाढते. आपल्या मातीतला वृक्ष सोडून ऑस्ट्रेलियातून आणलेल्या झाडाच्या मागे लागायचे, आणि मग ते फुलत नाही म्हणून धागे काढायचे, हे मला कधीच समजलेले नाही.

परसबागेतली_मी

बहाव्याच्या फांद्या झुकत नाहीत, फक्त फुलांचे घोस लोंबतात. शिवाय उन्हाळ्यात त्याची बरीच पाने झडलेली असतात. ज्याला फाटकावर बारा महिने हिरवी झालर हवी आहे त्याला ते चालणार नाही. आणि आपल्या मातीचा एवढा आग्रह असेल तर लाल मिरची आणि डाळिंबसुद्धा बाहेरूनच आलेले आहेत, हे डाळिंबवाल्या दादांच्या समोर सांगायला मला थोडा संकोच वाटतो.

जुळेसोलापूरकर

झाड काढून टाकू का, असे मी विचारलेले नाही. ते आमच्या मुलीने तिच्या वाढदिवसाला लावलेले आहे, ते निघणार नाही.

नव्या पानांबद्दल विचारले आहे म्हणून सांगतो की ती पिवळसर आहेत. पण ती पहिल्या वर्षापासून तशीच आहेत, तो त्या जातीचा रंग असावा असे समजून मी ते लिहिले नाही.

पुण्याहून_बाग

मागे मी जपानला गेले होते, तेव्हा तिथे फांद्या लोंबणारी चेरी पाहिली. झाडाखाली उभे राहिले की चहूबाजूंनी गुलाबी पडदा सोडल्यासारखे वाटते. तिचे रोप सोलापूरला मागवता येईल का, हे कुणाला माहीत असल्यास सांगावे.

काळी_माती

ताई, रोप मागवता येईल, पण ते फुलणार नाही. चेरीच्या कळ्या उमलण्याआधी तिला हिवाळ्यात कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते. सोलापूरची थंडी स्वेटर घालून फिरण्यापुरती असते, तेवढ्यावर चेरीची झोप पुरी होत नाही. आता मूळ प्रश्नाकडे वळतो.

नवे पान पिवळे आणि त्यावरच्या शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर तो जातीचा रंग नाही. आपल्याकडे शेतकरी याला ‘केवडा पडला’ असे म्हणतात आणि उसावर, भुईमुगावर तो नेहमी दिसतो. झाडाला लोह मिळत नाही, हा त्याचा अर्थ. आपल्या काळ्या मातीत लोह नसते असे नाही, पण तिच्यात चुनखडी भरपूर असते आणि सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) आठच्या वर गेला की असलेले लोह मुळांना उचलता येत नाही. बॉटलब्रशला किंचित आम्लधर्मी, निचऱ्याची जमीन आवडते, त्यामुळे तो आधी पिवळा पडतो. त्यात आपण घातलेल्या डीएपीने भरच घातली असेल, कारण त्यातले स्फुरद (फॉस्फरस) जास्त झाले की लोह आणखी अडते.

एक सोपी परीक्षा करून पाहावी. झाडाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर वीतभर खोल खणावे, तिथली मूठभर माती बशीत घ्यावी आणि तिच्यावर लिंबू पिळावे. माती फसफसली तर तिच्यात चुना आहे. नंतर कृषी विज्ञान केंद्रात मातीचा नमुना देऊन सामू, क्षार आणि मुक्त चुना तपासून घ्यावा, म्हणजे अंदाजावर चालावे लागणार नाही.

आणि ‘पाणी पुरेसे मिळते’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. कोणते पाणी?

वास्तू_आणि_शांती

फाटकासमोर खाली झुकणाऱ्या फांद्यांचे झाड असू नये, त्याने घरातील माणसांचे मन खचते. ते नैर्ऋत्येला हलवल्यास फुले आपोआप येतील.

परसबागेतली_मी

चार वर्षांचे झाड उपटून नैर्ऋत्येला नेले तर फुले येण्याऐवजी ते वाळेल. धाग्याचा विषय झाडाच्या मनाचा नाही, पानांचा आहे.

जुळेसोलापूरकर

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते, त्यामुळे झाडांना नळाचे पाणी घालणे मनाला पटत नाही. घरातले आरओ यंत्र बोअरच्या पाण्यावर चालते. त्यातून वाया जाणाऱ्या पाण्याची नळी मी स्वतः खिडकीतून काढून थेट या झाडाच्या आळ्यात सोडली आहे. थेंबही फुकट जात नाही. आळ्याच्या कडेला पांढरी खार दिसते, ती उन्हामुळे असेल असे मला वाटले.

काल माती खणली. वीतभर खाली काळ्या मातीऐवजी विटांचे तुकडे, सिमेंटचे खडे आणि जुन्या गिलाव्याचे पापुद्रे निघाले. घर बांधताना उरलेला राडारोडा तिथेच दाबला होता, हे मी विसरून गेलो होतो. लिंबू पिळल्यावर बशीतली माती सोड्याच्या बाटलीसारखी फसफसली आणि आमच्या सौभाग्यवतींनी ती बशी पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका असे बजावले आहे.

काळी_माती

पिवळ्या पानांचे कोडे तर सुटले. आरओ यंत्र पाण्यातले क्षार नष्ट करत नाही, फक्त बाजूला काढते. तीन लिटर पाण्यातून एक लिटर शुद्ध निघाले, तर जवळजवळ सगळे क्षार उरलेल्या दोन लिटरमध्ये राहतात, म्हणजे मुळातच जड असलेले बोअरचे पाणी दीडपट दाट होऊन आळ्यात उतरते. चार वर्षे हे झाड रोज खारवलेले पाणी पीत आहे. आळ्याच्या कडेला दिसणारा पांढरा थर उन्हाचा नाही, त्याच क्षारांचा आहे.

नळी आजच बाहेर काढावी. ते पाणी फरशी धुवायला, संडासात ओतायला वापरावे. गच्चीवरचे पावसाचे पाणी एखाद्या टाकीत साठवता आले तर ते या झाडासाठी सर्वांत चांगले. तोवर धान्य-भाजी धुतलेले पाणी चालेल, मात्र त्यात मीठ किंवा साबण नसावा. आठवड्यातून दोनदा भरपूर द्यावे, रोज थोडे देऊ नये, म्हणजे साचलेले क्षार खाली उतरतील.

राडारोडा हाताला लागेल तेवढा अलगद काढावा, जाड मुळे तोडू नयेत, आणि त्या जागी मुरूम, पोयटा आणि कुजलेले शेणखत भरावे. वर उसाच्या पाचटाचा चार बोटे थर द्यावा.

डाळिंबवाला_सांगोला

लोहाच्या बाबतीत मी सहमत आहे. डाळिंबावरही आम्हाला हा त्रास होतो. हिराकस (फेरस सल्फेट) आणून टाकावे, ते स्वस्त पडते.

काळी_माती

दादा, हिराकस नुसते चुनखडीच्या मातीत टाकले तर तेही तिथेच अडकते. टाकायचेच असेल तर मूठभर हिराकस पाटीभर ओल्या शेणखतात आठवडाभर मुरवून मग आळ्यात मिसळावे. मातीतून लोह द्यायला चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनाने बांधून ठेवलेले) जास्त खात्रीचे, पण पाकिटावर ‘ईडीडीएचए’ लिहिलेले पाहूनच घ्यावे. स्वस्तातले ‘ईडीटीए’ आपल्या सामूला टिकत नाही. या वयाच्या झाडाला वीस-पंचवीस ग्रॅम पुरे, तेही ओल्या मातीत.

लवकर हिरवे व्हावे म्हणून एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस आणि वाण्याकडे मिळणारे 1 ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) विरघळवून संध्याकाळी फवारावे, आणि दहा दिवसांनी पुन्हा फवारावे. फाटकाजवळची फरशी आधी झाकून घ्यावी, कारण हिराकसाचे तांबूस डाग नंतर निघत नाहीत. आमच्या ओट्यावर 2019 सालचे अजून आहेत.

परसबागेतली_मी

पाने हिरवी होतील, हे चांगलेच होईल. पण पिवळट पानांचा बॉटलब्रशसुद्धा थोडा तरी फुलतो, एकही फूल नाही असे सहसा होत नाही. म्हणून विचारते, झाडाची छाटणी कोण करतो आणि कधी?

जुळेसोलापूरकर

छाटणीचा आणि फुलांचा काय संबंध? फांद्या फाटकावर उतरतात. संक्रांतीत भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आमच्याकडे पाहुणे येतात, त्यांच्या डोक्याला फांद्या लागू नयेत म्हणून माळी दरवर्षी संक्रांतीच्या आठ दिवस आधी येऊन झाड सगळीकडून छत्रीसारखे गोल कापून जातो. हात चांगला आहे त्याचा, एक फांदी मागे-पुढे राहत नाही.

परसबागेतली_मी

भाऊ, आपला माळी दरवर्षी आपला बहर कापून नेतो आहे.

बॉटलब्रशचा मुख्य बहर होळीच्या आगेमागे येतो आणि त्याच्या कळ्या फांदीच्या शेंड्याकडे त्याआधीच तयार होऊ लागतात. लाल दिसते ती पाकळी नसते, ते पुंकेसर असतात, आणि शेंडा पुढे तसाच वाढत राहतो. जानेवारीत सगळे शेंडे कापल्यावर मार्चमध्ये फुलायला काय उरते? छाटणी करायची ती फुले ओसरल्याबरोबर, एप्रिल संपायच्या आत, सुकलेल्या फुलाच्या जरा मागे. मग नवी फूट निघते आणि पुढच्या होळीपर्यंत तिला हात लावायचा नसतो.

एक गोष्ट पाहून या. बॉटलब्रशचे फूल गळाले तरी त्याची टणक फळे फांदीला मण्यांसारखी चिकटून वर्षानुवर्षे राहतात. असे मणी झाडावर कुठेही आहेत का?

जुळेसोलापूरकर

शिडी लावून सगळे झाड पाहिले. आमच्या बाजूला एकही मणी नाही. पण कुंपणाच्या भिंतीवरून पलीकडे गेलेली एक फांदी आहे, तिच्यापर्यंत माळ्याचा हात पोहोचत नाही. तिच्यावर दोन ठिकाणी मणी आहेत आणि त्यांच्यापुढे या घडीला सहा लाल फुले लोंबत आहेत. शेजारच्या काकूंना विचारले तर त्या म्हणाल्या की गेल्या वर्षीही आली होती, त्यांना वाटले आम्हाला माहीत आहे. त्या फुलांवर रोज शिंजीर पक्षी येतो, असेही त्यांनी सांगितले.

आता प्रश्न एवढाच आहे की यात्रेच्या दिवसांत फाटकावरच्या फांद्यांचे काय करावे? पाहुण्यांना वाकून यायला सांगता येत नाही.

परसबागेतली_मी

फाटकावर उतरणाऱ्या दोन-तीन फांद्या एप्रिलमध्ये मुळापासून, म्हणजे खोडाला लागून कापून टाकाव्यात आणि बाकीच्यांना अजिबात हात लावू नये. खोड माणसाच्या उंचीच्या वर मोकळे राहील आणि झालर त्यापुढे सुरू होईल. जानेवारीत एखादी फांदी खाली आलीच, तर ती सुतळीने बाजूला बांधावी आणि पाहुणे गेले की सोडावी.

डाळिंबवाला_सांगोला

माळ्याला आमच्याकडे पाठवा. सांगोल्यात छाटणीला माणसे मिळत नाहीत.

जुळेसोलापूरकर

नळी काढली, माळ्याला फोनही केला. एवढी वर्षे आपण सांगाल तेव्हा येतो आहे, असे तो म्हणाला, आणि ते खरेच आहे. मातीचा नमुना सोमवारी देणार आहे, सामू कळला की इथेच लिहीन.