तीन वर्षांसाठी सोलापूर, आता सोळावं चालू आहे

तात्पुरता मुक्काम:
2009 च्या जूनमध्ये बँकेच्या बदलीने सोलापूरला आलो. आईने चिपळूणहून फोनवर दोनच प्रश्न विचारले, "मासे मिळतात का?" आणि "परत कधी?" पहिल्याचं उत्तर गुळमुळीत दिलं, दुसऱ्याचं ठामपणे, तीन वर्षांनी. स्टेशनाबाहेर रिक्षावाला म्हणाला, "कुठं जाऊलालाव मालक?" मला वाटलं, लालाव नावाचं एखादं गाव असेल.

पहिली दोन वर्षं मी या शहराला शिव्याच घातल्या. मे महिन्यात पारा 43-44 वर. आमच्याकडे एका जुलैत जेवढा पाऊस पडतो तेवढा इथे अख्ख्या वर्षात पडत नाही. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, तेही कधी पहाटे तीनला. बायको म्हणायची, इथले लोक पंचांगाऐवजी पाण्याचा दिवस बघून मुहूर्त काढत असणार.

तिसऱ्या वर्षी संक्रांतीला शेजारच्या काकू गड्ड्याला घेऊन गेल्या. इतरांसाठी सांगतो, गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचंच म्हणून एक कुंभारकन्या हटून बसली. ते योगी, त्यांनी आपला योगदंड पुढे केला आणि तिचं लग्न त्या दंडाशी लागलं. ते लग्न दरवर्षी लागतं. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त उंचच उंच नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यात तोलत चालत येतात, असे सात. हे लग्न लागतं त्या संमती कट्ट्याजवळ "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" ही मंगलाष्टकं सुरू झाली तशी काकूंनी न विचारता माझ्या मुठीत अक्षता कोंबल्या. काय चाललंय ते कळायच्या आत मीही टाकून मोकळा झालो होतो.

पण प्रेम त्या दिवशी बसलं असं म्हणणार नाही. ते मला कळलं फार उशिरा. पुण्याचा मेहुणा आला होता. बादलीने अंघोळ करताना "कसं राहता रे इथे" म्हणाला आणि मला सणकून राग आला. तेच वाक्य मी दोन वर्षं रोज म्हणत होतो!

तर माझं मत असं. जन्मगाव आवडण्यात आपलं कर्तृत्व काही नाही, ते आईच्या हातच्या आमटीसारखं असतं. निवडून घेतलेलं गाव आवडणंही सोपं. न मागता पदरात पडलेलं गाव आवडायला लागणं, हेच खरं प्रेम. बोला.

पुणेकर नाइलाजाने:
मालक, मी जन्माने सोलापूरकर, शुक्रवार पेठेतला. बारा वर्षं हिंजवडीला नोकरी करूलालोय. तुमचं लिहिणं वाचून आधी बरं वाटलं, मग डोकं तापलं.

तुम्ही पगार बरोबर घेऊन आलात. ज्याला महिन्याच्या एक तारखेची काळजी नाही त्याला कुठलंही गाव गोड लागतं. माझे आजोबा लक्ष्मी-विष्णू कापड गिरणीत होते. जुनी गिरणी गेली, नरसिंग गिरजी गेली, लक्ष्मी-विष्णूही गेली. आजोबांची पिढी भोंग्यावर घड्याळ लावायची, आम्ही रेल्वेच्या वेळापत्रकावर लावतो. माझ्या वर्गातले निम्म्याहून जास्त पुण्यात आहेत. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून सुटणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसला पाय ठेवायला जागा नसते, सगळे आपलेच. ज्या चार हुतात्म्यांचं नाव त्या गाडीला आहे, त्यांना ब्रिटिशांनी 12 जानेवारी 1931 ला फाशी दिलं ते पुण्याच्या येरवड्यात. सोलापूरकराला पुण्याला नेण्याची पद्धत तेव्हापासूनची आहे.

न मागता पदरात पडलेलं गाव मलाही मिळालंय, पुणे. सिंहगड रोडला ट्रॅफिकमध्ये बसून मला काही प्रेम येत नाही. मग मी कमी पडलो का?

तात्पुरता मुक्काम:
हुतात्म्यांवरचा विनोद आवडला नाही, स्पष्ट सांगतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे ही नावं माझ्या मुलीला चौथीपासून पाठ आहेत. मी चिपळूणात वाढलो, मला इथे येईपर्यंत एकही माहीत नव्हतं. पगाराचा मुद्दा मात्र मान्य, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पुणेकर नाइलाजाने:
विनोद नव्हता, कडवटपणा होता. पण बरं, मागे घेतो.

हिशेबी:
फार कौतुक चाललंय म्हणून थंड पाणी ओततो. हे प्रेम नाही, सवय आहे. घर कधी घेतलंत? मुलं शाळेत कधी घातलीत? गृहकर्जाचे हप्ते फेडताना माणूस गावाच्या प्रेमात पडतोच, नाहीतर रात्री झोप लागणार नाही. मी नांदेडला पाच वर्षं काढली, माणसं चांगली, जेवण चांगलं, आणि सुटलो त्या दिवशी पेढे वाटले. न आवडण्याचाही हक्क असतो की नाही?

तात्पुरता मुक्काम:
हक्क आहे, पेढे मलाही पाठवायचे होते. फ्लॅट घेतला, जुळे सोलापूरला, 2013 मध्ये. पण 2017 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात बदली मागायची संधी होती. अर्ज भरला आणि तीन दिवस टेबलावर ठेवला. दिला नाही. का दिला नाही, याचं कारण बायकोलाही सांगता आलं नव्हतं, इथे सांगतो. त्याच आठवड्यात पिठाच्या गिरणीवाल्याने माझ्या पिशवीत हात घालून ज्वारी चोळली, वास घेतला आणि म्हणाला, "साहेब, ही मालदांडी न्हाई. परत करा, भाकरी चिरंल." मी म्हणालो, "मला माहितीये, मंगळवेढ्याची संपली होती." भात खाऊन वाढलेला माणूस मी! शाळू कुठला, हुरड्याला कुठला, कडक भाकरी किती दिवस टिकते, हे सगळं कधी अंगात शिरलं ते कळलंच नाही. चिपळूणला जाऊन हे ज्ञान कुठे वापरणार होतो?

हिशेबी:
म्हणजे ज्वारीसाठी राहिलात. मी सवय म्हणालो ते हेच.

सांगलीची लेक:
सगळे पुरुष प्रतिसाद देतायत म्हणून लिहिते. न ठरवता एखाद्या गावी स्थायिक होणं ही तुम्हाला एवढी नवलाची गोष्ट वाटते? आमच्याकडे त्याला संसार म्हणतात. मी सांगलीची. स्थळ बघायला आलेल्या मुलाचं गाव सोलापूर निघालं, संपलं. गाव आवडलं का, हे मला पंचवीस वर्षांत कुणी विचारलेलं नाही. तुम्हाला धागा काढावासा वाटला, म्हणजे तुमच्याकडे न आवडायची मुभा होती. कृष्णेचं पाणी पिऊन आलेली मुलगी, पाणी सुटलं की चार पिंपं, दोन टाक्या, सगळे हंडे भरायचे आणि परत सासूबाईंचा प्रश्न, "तांब्या का राहिला?"

तुम्ही ज्या कुंभारकन्येची गोष्ट सांगितलीत तिची मला दर गड्ड्याला आठवण येते. बिचारी मागायला गेली एक, पदरात पडला दंड, आणि गाव इतकी शतकं अक्षता टाकतंय. माझीही गोष्ट फार वेगळी नाही. (नवरा हे वाचत नाही.)

आता विचारताच आहात तर सांगते. गाव नाही आवडलं. गल्ली आवडली. आमच्या वाड्यात वर कानडी अक्का, खाली तेलुगू, समोर मुसलमान, आणि चौघींचं भांडण मराठीत. अक्का खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, केली की पहिली वाटी माझ्याकडे पाठवायची. ती गेली त्या वर्षी मी पहिल्यांदा म्हटलं, आता सांगलीला जाऊन काय करू.

पूर्व भागातला:
तात्पुरता मुक्काम साहेब, तुम्ही छान लिहिता पण एक विचारतो. सोळा वर्षांत तुम्ही "आमचं सोलापूर" म्हणता आणि कुणी हरकत घेत नाही. आम्ही पद्मशाली, विणकर समाजाचे. पणजोबा मागावर काम करायला तेलंगणातून आले. घरात तेलुगू, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ, नवरात्रात बायकांचा बतुकम्मा. तरी नवीन ओळख झाली की प्रश्न ठरलेला, "मूळचे कुठले?" हैदराबादचे पाहुणे आमचं तेलुगू ऐकून हसतात, म्हणतात मराठीत बोलताय का. मग आम्ही मूळचे कुठले, तुम्हीच सांगा.

सोलापूरची ओळख म्हणून जी चादर सगळे सांगतात ती आमच्या घरात विणली गेली. जकार्ड मागाचे नक्षीचे पंच, रात्रभर खटखट, आजीला मान सरळ करता येत नव्हती. भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाजारात पानिपतचा माल सोलापुरी म्हणून खपतो. वडिलांनी चादर सोडून टॉवेल धरला, मी टॉवेलही सोडला. आई अजून विड्या वळते.

नुसतं आपल्याला गाव आवडून भागत नाही. गावाने पण म्हणायला पाहिजे की हा आपला. तुम्हाला ते लवकर मिळालं, कारण तुम्ही साहेब होतात.

तात्पुरता मुक्काम:
हे दोन प्रतिसाद वाचून मूळ मुद्दा पुन्हा वाचला. "हेच खरं प्रेम" हे वाक्य आज लिहिलं नसतं. रिक्षावाल्याने पहिल्या दिवशीच "मालक" म्हटलं होतं, ते मी आपुलकी म्हणून घेतलं. तो कपड्यांकडे बघून म्हणाला असेल. बाकी राग आला होता मेहुण्याचा, तो खराच होता, एवढं तरी राहू द्या.

हिशेबी:
राहू दिला.

पुणेकर नाइलाजाने:
सांगलीच्या ताई, तुमचं वाचून आईची आठवण आली. तीही बार्शीहून लग्न करून आलेली.

सांगलीची लेक:
मग तिला पुण्याला का नेत नाही? दर शुक्रवारी हुतात्मात लोंबकळण्यापेक्षा बरं.

पुणेकर नाइलाजाने:
नेलं होतं की मागच्या दिवाळीत, दोन महिने म्हणून. बाराव्या दिवशी परत आली. म्हणते, तुझ्याकडं रोज पाणी येतंय, मग मी दिवसभर करू काय रे?