पार्लरमधल्या बिनलेबलच्या क्रीमची तक्रार कुठे करायची?

मृणाल_खामगाव

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण वाचा प्लीज. माझ्या नणंदेचं लग्न ठरलंय, तुळशीचं लग्न झालं की लगेचचा मुहूर्त आहे. तिने इथल्याच एका पार्लरमधून क्रीम आणलीय, छोटी पांढरी प्लास्टिकची डबी, झाकणावर मार्करने नुसतं "नाइट" लिहिलेलं, बाकी ना कंपनी, ना तारीख, ना काही. मॅडम मोठ्या डब्यातून काढून देतात म्हणे. चेहरा खरंच उजळला, इतका की शेजारच्या पोरींनी तीच डबी आणली आणि आता सासूबाई पण रात्री लावतात. पण हल्ली ती सकाळी उठली की डोळ्यांखाली सुजलेलं असतं, चपलेचे पट्टे पायात रुततात, आणि घरात सगळे म्हणतात लग्नाची दगदग आहे, दुसरं काही नाही.

मला ती अकोल्याची बातमी आठवली, २०२३ ची. बायोटेक्नॉलॉजी शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या किडनीला त्रास झाला आणि मुंबईला केईएममध्ये शोध लागला की क्रीममध्ये पारा होता. अकोला आमच्यापासून तासाभरावर आहे हो. मी बोलले तर "वहिनीला जळतं" असं होईल ही पण भीती आहे. आधी काय करू? आणि असल्या क्रीमवर कायद्याने बंदी नाहीये का, मग ही उघड कशी विकली जाते?

सिस्टर_नागपूर

मृणाल, आधी तब्येत, तक्रार नंतर. मी डायलिसिस युनिटला काम करते. नणंदेची आणि सासूबाईंची, दोघींचीही साधी युरिन रुटीन तपासणी उद्याच करून घे, त्यात प्रोटीन जातंय का ते कळतं, कुठल्याही लॅबमध्ये होते आणि फार पैसे लागत नाहीत. लघवीला साबणासारखा फेस येतो का आणि तो टिकून राहतो का हे पण विचार, बायका हे आपणहून कधीच सांगत नाहीत, लाजतात. प्रोटीन निघालं तर थेट किडनीच्या डॉक्टरांकडे जायचं आणि क्रीमची डबी सोबत न्यायची. डॉक्टर चेहऱ्याला काय लावता हे विचारतीलच असं नाही, तूच सांग. लघवीतला पारा मोजायची तपासणी वेगळी असते, ती ते लिहून देतील.

केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी हेच पकडलं होतं. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांच्याकडे मेम्ब्रेनस नेफ्रोपथीचे, म्हणजे किडनीची गाळणी बिघडून लघवीतून प्रोटीन जाण्याच्या आजाराचे, २२ पेशंट आले, त्यातल्या १५ जणांमध्ये एकाच विशिष्ट प्रकारचा आजार दिसला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. एरवी हा प्रकार इतका दिसतच नाही म्हणून त्यांना शंका आली. दिलासा देणारी गोष्ट ही की क्रीम बंद केल्यावर बहुतेक जण सुधारतात, म्हणून आजपासून बंद म्हणजे बंद. आणि टॉवेल, उशीचे अभ्रे वेगळे धुवा, पारा हाताला लागून घरातल्या लहान मुलांपर्यंत जातो. डबी मात्र फेकू नकोस, झाकण घट्ट लावून पिशवीत बांधून ठेव.

बोलायचं कसं तर क्रीमचं नाव काढूच नकोस, लग्नाआधी सगळ्यांच्या तपासण्या करून घेऊ म्हण. मुलीला वाटतं आपलं रूप काढून घेतायत, म्हणून ती आधी चिडणारच.

मेडिकलवाला_जत

माझं औषधाचं दुकान आहे. कायदा आहे ताई, आणि स्पष्ट आहे. कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे क्रीममध्ये पारा मुद्दाम घालताच येत नाही, चुकून कच्च्या मालातून आला तर जास्तीत जास्त १ पीपीएम, म्हणजे दहा लाखात एक भाग. फक्त डोळ्यांच्या मेकअपला ७० पीपीएमपर्यंत सूट आहे. आणि मुळात लेबलवर उत्पादकाचं नाव पत्ता, बॅच नंबर, लायसन्स नंबर, घटकांची यादी, कधीपर्यंत वापरायचं हे सगळं पाहिजेच. म्हणजे तुमच्या त्या डबीत पारा निघो न निघो, बिनलेबलची विकली हाच गुन्हा झाला.

लोक विचारतात पारा घालतात तरी कशाला. त्वचेत मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, तयार करणारं जे एन्झाइम असतं त्याचं काम पारा अडवतो, म्हणून रंग झपाट्याने उतरतो, आणि स्वस्तात उतरतो. परदेशी डब्यांवर बघा, कॅलोमेल, मर्क्युरिक आयोडाइड, अमोनिएटेड मर्क्युरी असं लिहिलेलं असलं तर तो पाराच. "सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका" अशी सूचना असली तरी शंका घ्यायचीच.

दुसरा प्रकार स्टेरॉइडच्या ट्यूबांचा, काउंटरवर रोज कुणीतरी मागायला येतं, मावशी येतात, कॉलेजची मुलं येतात, सगळ्यांना "ती गोरं करणारी" पाहिजे असते. चेहरा पातळ होतो, लाल पडतो, बंद केलं की आग आग होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने वर्षानुवर्षं त्याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा कुठे २०१८ मध्ये लावायची बरीच स्टेरॉइड्स शेड्यूल एचमध्ये गेली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी देणारे देतातच आणि मला त्याचा राग येतो, पण निदान आता नाही म्हणताना माझ्या मागे नियम उभा असतो, पूर्वी गिऱ्हाईक भांडून दुसऱ्या दुकानात जायचं आणि तिथे सहज मिळायची.

रूपसाधना_पार्लर

मी पार्लर चालवते, गाव सांगत नाही. ताईंची काळजी शंभर टक्के बरोबर आहे पण सगळा राग पार्लरवालीवर काढू नका. आमच्याकडे एजंट येतो, मोठा डबा दाखवतो, डॉक्टरांचा फॉर्म्युला आहे सांगतो, बिल मागितलं की दुसऱ्या खेपेला देतो म्हणतो. गिऱ्हाईक पण रिझल्ट मागतं, लगीनसराईत तर आठवड्यात फरक दिसला नाही की बाई दुसऱ्या पार्लरला. मी असल्या डब्या ठेवणं बंद केलं, बिलाशिवाय काहीच घेत नाही, त्याने माझ्या काही नवऱ्यामुली गेल्या. पण मला कोर्स करताना कुणी पाऱ्याचं शिकवलं नव्हतं, आयब्रो, फेशियल, वॅक्स आणि मेंदी एवढंच शिकवलं. अधिकाऱ्यांनी पार्लरवालीची डबी उचलून न्यावी जरूर, पण तो एजंट कुठून आणतो तिथपर्यंत जायला पाहिजे, नाहीतर तो पुढच्या तालुक्यात विकतोच.

मेडिकलवाला_जत

एकदम बरोबर बोललात ताई. बिल असलं की साखळी उलटी शोधता येते, म्हणूनच ते लोक बिल देत नाहीत.

अनघा_न्यूजर्सी

इकडचं थोडं सांगते. अमेरिकेत १९३३ च्या सुमारास पापण्या रंगवायच्या एका डायने बायका आंधळ्या झाल्या, एकीचा जीवही गेला, आणि सरकारला तो माल बाजारातून उचलायचा अधिकारच नव्हता. लोक खवळले, त्यातून १९३८ चा कायदा झाला. पण त्यानंतर कॉस्मेटिक्सच्या नियमांना डिसेंबर २०२२ पर्यंत कुणी फारसा हात लावला नाही. तेव्हा झालेल्या नव्या कायद्याने आता कंपनीला गंभीर त्रासाची तक्रार आली की पंधरा कामकाजाच्या दिवसांत एफडीएला, म्हणजे इथल्या अन्न-औषध खात्याला, कळवावंच लागतं. तरी इथल्या देशी दुकानांत पाऱ्याच्या क्रीम अजून सापडतात, तेव्हा भारतातून येणाऱ्यांनी मैत्रिणींसाठी असल्या डब्या बॅगेत घालून आणू नका.

मृणाल_खामगाव

सगळ्यांचे खूप आभार. तपासण्या झाल्या, सासूबाईंचं नॉर्मल आलं, नणंदेचं प्रोटीन थ्री प्लस आहे, म्हणजे बरंच जास्त. अकोल्याच्या किडनीच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. ती खूप रडली, क्रीम आपणहून माझ्या हातात दिली. आता मला तक्रार करायचीच आहे पण आमच्याकडे बिल नाही.

ग्राहक_कार्यकर्ता_सातारा

मृणालताई, नणंदबाई लवकर बऱ्या होवोत. बिल नसलं तरी अडत नाही. पैसे फोनवरून दिले असतील तर त्याचा स्क्रीनशॉट, पार्लरच्या व्हॉट्सॲपवरचे मेसेज, डबीचे सगळ्या बाजूंनी फोटो आणि डॉक्टरांचा रिपोर्ट, एवढं जोडून जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे सहायक आयुक्त, औषधे यांच्या नावाने लेखी अर्ज द्या. औषध निरीक्षकाला दुकानात जाऊन नमुना घ्यायचा अधिकार आहे. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका, फोनवर केलेली तक्रार हवेत जाते. तोवर स्वतः पार्लरमध्ये जाऊन भांडू नका, डबे रातोरात गायब होतात.

फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट सांगतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४०, कलम २६. आपण विकत घेतलेलं सौंदर्यप्रसाधन ठरलेली फी भरून कुणीही माणूस किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकते आणि सहीचा रिपोर्ट मिळवू शकते. आणि कलम ३२ प्रमाणे ज्याला झळ बसली तो स्वतः किंवा संघटना खटला दाखल करू शकते, निरीक्षकाची वाट बघायची गरज नाही. हे अधिकार कागदावर पडून आहेत कारण आपण वापरत नाही.

दबावाने फरक पडतो हे मी बघितलंय. २०१४ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने ३२ फेअरनेस क्रीम तपासल्या, १४ मध्ये पारा निघाला, तेव्हा पहिल्यांदा हा विषय घराघरांत बोलला गेला. केरळात औषध नियंत्रण विभागाने २०२३ मध्ये ऑपरेशन सौंदर्य नावाने दुकानांवर धाडी घातल्या. अकोल्याची बातमी आपल्याकडे आली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात नमुने घ्या म्हणून आपण मागे लागायला हवं होतं. आणि आता तर पाऱ्याचा वापर आटोक्यात आणायच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारातल्या देशांनी २०२३ च्या जिनिव्हाच्या बैठकीत ठरवलंय की पारा घातलेली सौंदर्यप्रसाधनं २०२५ पर्यंत पूर्ण बंद, १ पीपीएमपर्यंतची ती सूट पण काढून टाकायची. भारताने तो करार २०१८ मध्ये मान्य केलाय. तेव्हा लगीनसराईच्या आधी पार्लर आणि घाऊक बाजारातून नमुने घेऊन निकाल नावानिशी जाहीर करा, एवढी मागणी अर्जात शेवटी घाला आणि एक प्रत आमदारांना द्या, अधिवेशनात प्रश्न विचारता येतो.

शेजारच्या ज्या मुलींनी तीच डबी आणली त्यांच्या सह्या पण त्याच अर्जावर घ्या, आणि त्यांची युरिन तपासणी आधी करून घ्या.